शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली आणि किती जणांकडे उरली, ते छापा

प्रति,
मा. कुलगुरू, प्रवेश विभागप्रमुख आणि शिष्यवृत्ती समित्यांचे सदस्य,
महाराष्ट्रातली स्वयंअर्थसहाय्यित व अभिमत विद्यापीठं;
तसंच मा. सचिव, उच्च व तंत्रशिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई



मी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. बारावीची परीक्षा संपली की माझे तास संपतात, पण मुलं आणि पालक येतच राहतात. एप्रिलपासून कॅपची, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, शेवटची फेरी होईपर्यंत त्यांचा एकच प्रश्न असतो: ‘मॅडम, मिळेल का? आणि मिळालं तर परवडेल का?’ पालकांच्या फोनवर तुमच्यापैकी कुणाचं तरी पत्र आलेलं असतं. पाल्याची गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे, शिकवणी शुल्कात 50 टक्के सवलत आहे, अमुक तारखेपर्यंत इतकी रक्कम भरून जागा निश्चित करा, असं त्यात लिहिलेलं असतं. दोन-चार दिवसांत समुपदेशक म्हणवणाऱ्या कुणाचा तरी फोन येतो आणि जागा भरत आल्याचं सांगितलं जातं.

अशा वेळी पालकांना आधार वाटेल असं उत्तर मला देता येत नाही. ते देण्यासाठी लागणारे आकडे तुमच्या संगणकात आहेत आणि तुम्ही ते बाहेर ठेवत नाही. ते बाहेर ठेवा, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे. किती मुलांनी अर्ज केला, किती जणांना शिष्यवृत्ती देऊ केली, किती जणांनी ती घेतली, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी ती किती जणांकडे उरली, हे शाखेनुसार आणि मागच्या तीन वर्षांचं छापा.

हेच पालक सरकारी प्रवेशाबद्दल विचारतात तेव्हा मी अडखळत नाही. 2025 मध्ये एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली. म्हणजे एकेक पर्सेंटाइल चार हजारांवर मुलांचा झाला. 97 पर्सेंटाइलच्या मुलापुढे बारा हजारांहून जास्त जण आहेत, हे एकदा सांगितलं की ‘शंभरातले तीनच गेले’ हा गैरसमज तिथल्या तिथे गळून पडतो. मग आम्ही सीईटी सेलच्या मागच्या तीन वर्षांच्या कटऑफ याद्या उघडतो. प्रत्येक कॉलेज, प्रत्येक शाखा, प्रत्येक प्रवर्ग, प्रत्येक फेरी, आणि त्या खान्यात शेवटचा प्रवेश मिळालेल्या मुलाचा गुणवत्ता क्रमांक व पर्सेंटाइल. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, म्हणून मी पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांकावर विसंबते. पुण्याच्या सीओईपीच्या कॉम्प्युटरला 99 च्या पुढचे दशांश मोजावे लागतात, तिथल्याच मेटलर्जीला किंवा सिव्हिलला तसं नसतं, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघतं. टीएफडब्ल्यूएसच्या जागा, म्हणजे मंजूर जागांवर पाच टक्के जादा आणि शिकवणी शुल्क पूर्ण माफ, त्याही यादीत वेगळ्या दिसतात. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर त्या जागेचा कटऑफ आणि त्याच शाखेच्या साध्या जागेचा कटऑफ शेजारी शेजारी ठेवून तासाभरात ऑप्शन फॉर्मचा क्रम ठरतो.

कॅपमध्ये दोष नाहीत असं मी म्हणत नाही. वेळापत्रक लांबतं, संकेतस्थळ नेमकं शेवटच्या दिवशी बंद पडतं, नियमपुस्तिका वाचून कळावी अशी भाषा त्यात नसते. पण शक्यता मोजायला जे लागतं ते सगळं तिथे सर्वांसाठी उघडं आहे. फलटणच्या शेतमजुराच्या मुलीला आणि पुण्यात महागडी फी भरून खासगी समुपदेशक नेमणाऱ्याच्या मुलाला एकच यादी दिसते.

तुमच्याकडे मात्र ‘100 टक्क्यांपर्यंत शिष्यवृत्ती’ अशी ओळ असते. ‘पर्यंत’ म्हणजे नेमकं काय, ते कळायला मार्ग नाही. काही विद्यापीठं टप्पे देतात: सीईटीला इतके पर्सेंटाइल, जेईईला इतके, बारावीला इतके टक्के असतील तर इतकी सवलत. हे टप्पे पाहून बरं वाटतं, पण खाली बारीक अक्षरात ‘उपलब्ध निधीच्या मर्यादेत’ आणि ‘समितीचा निर्णय अंतिम’ असतं. मग टप्प्यात बसणं म्हणजे मिळणं, की नुसतं विचारात घेतलं जाणं? मागच्या वर्षी त्या टप्प्यात बसलेल्या किती जणांना खरंच मिळाली? याचं उत्तर एका आकड्यात देता येतं. तो आकडा नसेल तर मी पालकांपुढे फक्त अंदाज ठेवू शकते, आणि चार वर्षांच्या कर्जाचा निर्णय अंदाजावर घ्यायला सांगणं मला पटत नाही.

आता हिशोबाकडे येते, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. उदाहरणादाखल आकडे धरू. शिकवणी शुल्क वर्षाला चार लाख, वसतिगृह आणि मेस दीड लाख, विकास शुल्क, परीक्षा, लॅब, इतर मिळून पन्नास हजार. चार वर्षांचे चोवीस लाख. पत्रात ‘50 टक्के शिष्यवृत्ती’ लिहिलं आहे, म्हणून घरात बारा लाखांची तयारी सुरू होते. पण सवलत फक्त शिकवणी शुल्कावर आहे. ती चारही वर्षं टिकली तर आठ लाख वाचतात, म्हणजे एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा. घरच्यांना सोळा लाख उभे करायचे आहेत. आणि ती पहिल्या वर्षानंतर गेली तर वाचलेले फक्त दोन लाख, म्हणजे चोवीस लाखांतले आठ टक्के. शुल्कवाढ मी यात धरलेलीच नाही. एकाच पत्राचे असे तीन अर्थ निघतात: घरच्यांनी समजलेले बारा लाख, सगळं सुरळीत झालं तर सोळा लाख, आणि शिष्यवृत्ती गेली तर बावीस लाख. यातलं कोणतं घडण्याची शक्यता किती, हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

शिष्यवृत्ती टिकवण्याच्या अटीबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण हा माझ्या विषयाचा भाग आहे. अट साधारण अशी असते: दरवर्षी सीजीपीए 8 किंवा 8.5 च्या वर हवा, एकही विषय राहिलेला नको, हजेरी पूर्ण हवी. वाचायला ही अट रास्त वाटते. बारावीला 92 टक्के मिळवलेल्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना 8.5 म्हणजे 85 टक्क्यांसारखं काहीतरी वाटतं. पण तुमच्यापैकी बऱ्याच ठिकाणी श्रेणी सापेक्ष असते. वर्गाची सरासरी आणि विचलन काढून, वरच्या ठरावीक हिश्शालाच वरच्या श्रेणी दिल्या जातात. अशा पद्धतीत वर्गातल्या सगळ्यांना 8.5 मिळूच शकत नाही, सगळ्यांनी रात्रीचा दिवस केला तरी. शिष्यवृत्तीवर आलेली मुलं एकाच शाखेत, बहुतेक वेळा कॉम्प्युटर किंवा एआयच्या तुकड्यांमध्ये एकवटलेली असतात. ती एकमेकांशीच स्पर्धा करत असतात. एकाला श्रेणी मिळाली की दुसऱ्याची जाते. म्हणजे पहिल्या दिवशी शिष्यवृत्तीची पत्रं वाटतानाच, वर्षाअखेर त्यातली साधारण किती गळणार हे तुमच्या परीक्षा विभागाला मागच्या आकड्यांवरून सांगता येतं. पालकांना ते कुणी सांगत नाही.

माझा एक विद्यार्थी, वडील एसटीत वाहक, असाच 50 टक्क्यांवर एका खासगी विद्यापीठात गेला. पहिल्या वर्षाला त्याला 8.3 मिळाले. अट 8.5 ची होती. तो एकाही विषयात नापास झाला नव्हता, त्याची हजेरी उत्तम होती, पहिल्या सत्रात इंग्रजीतल्या व्याख्यानांशी जुळवून घेतल्यावर दुसऱ्या सत्रात त्याचे गुण चढले होते. सवलत गेली आणि राहिलेल्या तीन वर्षांचं शिकवणी शुल्क एकदम दुप्पट झालं. बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं ते सवलतीनंतरच्या शुल्काच्या पत्रावर. वाढीव कर्जासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा जामीनदार, पुन्हा सातबारा. सोडून यावं तर एक वर्ष आणि भरलेले पैसे गेले, थांबावं तर घर गहाण. शेवटी घर गहाण पडलं. तो मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे, चांगला शिकतो आहे. त्या विद्यापीठात शिकवतात चांगलं, हेही तोच सांगतो. माझी तक्रार शिकवण्याबद्दल नाही. मागच्या वर्षी तिथे अर्ध्या मुलांची शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी उरली नव्हती, असं जर मे महिन्यात छापलेलं असतं, तर त्या वडिलांनी कॅपमधून मिळणारं साताऱ्या-सांगलीकडचं कॉलेज घेतलं असतं किंवा पूर्ण रकमेची तयारी ठेवून हेच घेतलं असतं. निर्णय कोणताही घेतला असता, तो डोळे उघडे ठेवून घेतला असता.

आणि अट पहिल्याच वर्षाला का लावता, याचाही विचार करावा ही विनंती. तालुक्याच्या गावातून, मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाचं पहिलं सत्र भाषा, वसतिगृह, मेसचं जेवण आणि आयुष्यात पहिल्यांदा समोर आलेला प्रोग्रॅमिंगचा पेपर यांच्याशी जमवून घेण्यात जातं. कोटाच्या किंवा पुण्याच्या क्लासमधून आलेलं मूल त्याच वर्गात पहिल्या दिवसापासून पळत असतं. दोघांची गुणवत्ता तुम्हीच प्रवेशाच्या वेळी मान्य केली आहे. मग निदान दोन वर्षांच्या एकत्रित सीजीपीएवर निर्णय घ्या, किंवा एक सत्र सवलत कायम ठेवून सुधारायची संधी द्या. गुणवत्ता ओळखायला हा अवधी फार नाही.

दुसरी गोष्ट मुलींची. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर शिकवणी व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत मिळते. त्याआधीपासून राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून, गावात जिला सगळे ईबीसी म्हणतात, निम्मी सवलत आहे. या दोन्ही योजना स्वयंअर्थसहाय्यित आणि खासगी अभिमत विद्यापीठांना लागू नाहीत. हे शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेलं आहे, पण शासन निर्णय वाचणारे पालक मी फारसे पाहिलेले नाहीत. ‘सरकारनं मुलींचं शिक्षण फुकट केलंय’ एवढंच त्यांच्या कानावर असतं, आणि ते सगळीकडे लागू आहे असं ते धरून चालतात. मे महिन्यात ओबीसी मुलीच्या वडिलांना 50 टक्क्यांचं पत्र येतं, त्यांना वाटतं निम्मं विद्यापीठ देणार आणि निम्मं सरकार. पैसे भरून झाल्यावर, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायला बसल्यावर कळतं की सरकारचं निम्मं नाहीच. त्याच मुलीच्या गुणवत्ता क्रमांकावर कॅपमधून चांगलं कॉलेज शून्य शिकवणी शुल्कात मिळत असतं. ही उदाहरणं एकदोन नाहीत, आणि प्रत्येक वेळी मला त्या घरच्या चेहऱ्यांकडे बघत हे समजावून सांगावं लागतं.

म्हणून तुम्हा विद्यापीठांना माझी विनंती आहे की शिष्यवृत्तीच्या पत्रावर, पहिल्याच पानावर, मराठीत एक वाक्य छापा: या विद्यापीठात प्रवेश घेतल्यास राज्य शासनाच्या शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचा व मुलींच्या शंभर टक्के शुल्क सवलतीचा लाभ मिळणार नाही. आणि सचिव महोदय, हे वाक्य ऐच्छिक ठेवू नका. सीईटी सेलच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर निकालाच्या आधी एक पान असू द्या: कोणती सवलत कोणत्या प्रकारच्या संस्थेत चालते, कोणत्या संस्थेत चालत नाही. योजना तुमची आहे, तिची हद्द सांगणंही तुमचंच काम आहे.

माझ्या मागणीवर तुमच्याकडून काय उत्तर येईल, त्याचा थोडा अंदाज मला आहे. एक उत्तर असं की हे आकडे बाहेर पडले तर स्पर्धक विद्यापीठं त्यांचा फायदा घेतील. पण कटऑफ छापून कोणत्या संस्थेचं नुकसान झालं? पिलानीची बिट्स ही अभिमत संस्था आहे, स्वतःची प्रवेश परीक्षा घेते, आणि दरवर्षी कोणत्या कॅम्पसला, कोणत्या शाखेला किती गुणांवर प्रवेश बंद झाला ते प्रसिद्ध करते. तिची मागणी त्यामुळे घटलेली दिसत नाही. उलट मुलं आपले गुण बघून तिथे नेमका अर्ज करतात. दुसरं उत्तर असं की मुलांची खासगी माहिती उघड होईल. एखाद्या टप्प्यात पाचपेक्षा कमी मुलं असतील तर दोन टप्पे एकत्र करा, प्रश्न मिटला.

तिसरं उत्तर सहसा मोठ्यानं दिलं जात नाही. गुणवत्ता शिष्यवृत्तीचा बराचसा भाग हा चांगले गुण असलेली मुलं खेचून आणण्यासाठी शुल्कात दिलेली सूट असतो. यात मला गैर काही वाटत नाही. चांगली मुलं वर्गात असली की वर्ग चांगला होतो आणि त्यासाठी विद्यापीठानं स्वतःचा महसूल सोडला, तर तो त्याचा अधिकार आहे. पण मग ती सूट किती, किती जणांना आणि किती काळ, हे सांगण्यात अडचण नसावी.

राहिला प्रश्न आकडे गोळा करण्याच्या कष्टांचा. त्यातले काही तुम्ही आधीच गोळा करता. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी 2016 पासून दरवर्षी निघते आणि तिच्यासाठी भरलेली माहिती तुम्ही स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवता. त्या तक्त्यात एक रकाना असतो: पूर्ण शिकवणी शुल्क परत मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या, सरकारकडून किती, संस्थेच्या निधीतून किती, खासगी देणगीदारांकडून किती, आणि पूर्ण परतावा न मिळालेले किती. ‘100 टक्क्यांपर्यंत शिष्यवृत्ती’ ही जाहिरात समोर आली की मी आता पालकांना आधी तो रकाना दाखवते. संस्थेच्या निधीतून पूर्ण शुल्क मिळालेले किती, आणि एकूण मुलं किती. भागाकार पालकच करतात. पण तो रकाना फक्त पूर्ण सवलतीचा आहे. 25 आणि 50 टक्केवाले त्यात दिसत नाहीत, आणि कुणाची सवलत मधेच गेली हे तर अजिबात दिसत नाही. म्हणजे अर्धी वाट तुम्ही चालून आलेलाच आहात. उरलेली चाला.

अमेरिकेत या कामासाठी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक ठरलेला तक्ता आहे. बहुतेक मोठी विद्यापीठं तो दरवर्षी भरून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश देऊ केला, किती जण आले, त्यांचे गुण कोणत्या पट्ट्यात होते, हे त्यात आहेच. शिवाय बारावीसारख्या परीक्षेचे गुण, निबंध, मुलाखत, शिफारसपत्र, खेळ यांतल्या प्रत्येक गोष्टीला किती महत्त्व, तेही चार पायऱ्यांत सांगावं लागतं: फार महत्त्वाची, महत्त्वाची, विचारात घेतो, विचारात घेत नाही. आर्थिक गरज नसतानाही निव्वळ गुणवत्तेवर सवलत मिळालेली मुलं किती आणि सरासरी रक्कम किती, याचेही खाने आहेत. पुण्या-ठाण्यातली, आणि अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही, मुलाचा अर्ज करण्याआधी हा तक्ता उघडून बसतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशी आयव्ही लीगची विद्यापीठं पदवीच्या मुलांना गुणवत्ता शिष्यवृत्ती देतच नाहीत, फक्त आर्थिक गरज पाहून मदत करतात, हेही त्यामुळे आधीच कळतं आणि कुणी खोट्या आशेवर राहत नाही. शिवाय 2011 पासून तिथल्या कॉलेजांना संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचं गणनयंत्र ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. उत्पन्न आणि गुण भरले की मदत वजा जाता घरातून साधारण किती जाईल, ते दिसतं. कमी-जास्त होतं, पण अंदाजाला पाया असतो. हे मी तिकडचं सगळं गोड मानून लिहीत नाही. तिथलं शिक्षण भयंकर महाग आहे आणि कर्जात बुडालेली मुलं तिथेही पुष्कळ आहेत. पण माहिती मागण्यात ते लोक आपल्यापुढे आहेत.

कॉमन डेटा सेटच्या तक्त्याची एक हकीकत मला फार मोलाची वाटते. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ एका नामांकित क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. इतर नावाजलेली विद्यापीठं हा तक्ता छापत असताना कोलंबिया छापत नव्हतं. तिथेच गणित शिकवणारे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी 2022 च्या सुरुवातीला आपल्याच विद्यापीठानं क्रमवारीसाठी दिलेले आकडे तपासले आणि वर्गांचा आकार, अध्यापकांच्या पदव्या अशा बाबतींत ते जुळत नाहीत हे सविस्तर मांडलं. त्याच वर्षी विद्यापीठानं चुका मान्य केल्या, तक्ता प्रसिद्ध केला, आणि त्याचा क्रमांक दोनवरून अठरावर गेला. विद्यापीठ बुडालं नाही. आजही तिथे जागेसाठी झुंबड आहे. फरक एवढाच की आता तिथे जाणाऱ्या मुलापुढे खरे आकडे असतात.

लिबरल आर्ट्स आणि डिझाइनसारख्या अभ्यासक्रमांना ‘एकूण व्यक्तिमत्त्व’ पाहून प्रवेश देणाऱ्यांसाठी वेगळं थोडं लिहिते. निबंध आणि मुलाखत यांना माझा विरोध नाही. सगळं शहाणपण एका एमसीक्यूत मावत नाही, हे गणिताच्या शिक्षिकेला सांगायला नको. पण कशाला किती वजन आहे ते कळलं नाही, तर ज्यांच्या घरी आधी कुणी अशा मुलाखतीला गेलेलं आहे त्यांनाच ते ठाऊक असतं. आमच्याकडची मुलगी शेतातल्या ठिबकचा, बचत गटाच्या हिशोबाचा अनुभव निबंधात लिहीत नाही. तो ‘उपक्रम’ म्हणून चालतो हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. चार पायऱ्यांचा तो तक्ता तुम्हीही छापलात, आणि त्याबरोबर घरची कामं, शेती, नोकरी हेही अनुभव धरतो असं लिहिलंत, तर तिचा अर्ज वेगळा दिसेल.

जागा अडवण्याच्या तारखांबद्दल. सीईटीचा निकाल साधारण जूनमध्ये लागतो, कॅपच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये होतात, आणि तुमची पहिली मुदत बऱ्याचदा त्याच्याही आधी संपते. यूजीसीनं 2024-25 साठी सांगितलं होतं की 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत द्यावं आणि 31 ऑक्टोबरपर्यंत फार तर एक हजार रुपये कापावेत. हा नियम तुमच्या पत्रात मी अजून ठळक छापलेला पाहिलेला नाही. फोनवर तर उलट, ‘आता भरले नाहीत तर शिष्यवृत्ती जाईल’ असंच सांगितलं जातं. पालक पतसंस्थेतून पैसे काढून भरतात, आणि मग कॅपची जागा चांगली मिळाली तरी ते पैसे अडकतील या भीतीनं तुमच्याकडेच राहतात. शिष्यवृत्तीची मुदत कॅपच्या दुसऱ्या फेरीच्या वाटपानंतर ठेवा. ज्याला तुमचं विद्यापीठ खरंच हवं आहे तो तेव्हाही येईल, आणि आला तर मनापासून येईल.

सचिव महोदय, हे सगळं विद्यापीठांच्या मर्जीवर सोडलं तर ज्यांचे आकडे चांगले आहेत तेवढेच छापतील. खासगी विद्यापीठांना राज्य विधिमंडळाच्या कायद्यानं अस्तित्व मिळतं. त्यांच्याकडून एका पानाचा तक्ता मागण्याइतका अधिकार विभागाकडे नक्की आहे, आणि अभिमत विद्यापीठांसाठी यूजीसीकडे तो विषय तुम्ही नेऊ शकता. सीईटीच्या निकालाच्या पंधरा दिवस आधी सगळे तक्ते एका जागी, सीईटी सेलच्याच संकेतस्थळावर, मराठीत आणि इंग्रजीत यावेत.

तक्ता कसा असावा याचा नमुना या पत्रासोबत जोडला आहे. उभ्या रकान्यांत मागची तीन वर्षं. आडव्या ओळींत शाखा, आलेले अर्ज, देऊ केलेले प्रवेश, प्रत्यक्ष प्रवेश. शिष्यवृत्तीच्या प्रत्येक टप्प्याला देऊ केलेल्या, घेतलेल्या आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी चालू राहिलेल्या मुलांची संख्या. शिष्यवृत्ती मिळालेल्यांत सगळ्यात कमी आणि मधला पर्सेंटाइल. टिकवण्याची अट, श्रेणी सापेक्ष आहे की नाही. वसतिगृह आणि मेससह पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च, आणि पुढच्या तीन वर्षांत शुल्क जास्तीत जास्त किती वाढेल त्याची लेखी मर्यादा. शेवटची ओळ सोडली तर यातला एकही आकडा तुम्हाला नव्यानं तयार करायचा नाही. प्रवेश विभाग, लेखा विभाग आणि परीक्षा विभाग एका टेबलाशी बसले तर हे काम एका दुपारचं आहे.

कळावे,

आपली,
गणिताची एक शिक्षिका
जिल्हा सातारा